पीक राखावे की प्राण वाचवावा?

गेल्या सुगीच्या दिवसांत आमच्या जयसिंगपुरातील घरी एक विधवा भगिनी आपल्या वडील मुलास घेऊन आली. तिचे गाव पन्हाळ्याच्या पश्चिमेस डोंगरउतारावर आहे. दोन एसटी गाड्या बदलून ती आली होती. तिचे शेत अवघे वीस गुंठे, आणि त्यात भुईमूग. त्याच्या आदल्या वर्षी काढणीस आठ दिवस राहिले असता रानडुकरांचा कळप रात्री शेतात शिरला. सकाळी पाहावे तो सारे वाफे उकरलेले, वेल उलटे पडलेले, आणि शेंगांच्या ठिकाणी केवळ टरफले. त्या वर्षी तिने मुलीच्या शाळेच्या खर्चासाठी गळ्यातील डोरले गहाण ठेविले. ह्या वर्षी पीक पुन्हा भरास आले, तेव्हा मुलाने कोणास न विचारता विजेच्या खांबावरून तार ओढली व रात्री शेताभोवती सोडली. तिसऱ्या दिवशी पहाटे तारेला चिकटून शेजाऱ्याचा कुत्रा मरून पडला होता. त्याच बांधावरून शेजाऱ्याची दहा वर्षांची मुलगी रोज उजाडण्यापूर्वी डेअरीला दूध घालावयास जाते.

त्या माउलीने आम्हांस एकच प्रश्न विचारला. "पाळकसाहेब, डुक्कर मारणं पाप आहे का? तेवढं सांगा. तारेचं काय ते मला कळलंय."

मुलगा खाली मान घालून बसला होता. आम्हांस त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. चहा झाला, प्रार्थना झाली, आणि विचार करून कळवितो असे आम्ही सांगितले. पुढे चौकशी करिता आढळून आले, की हाच प्रश्न आमच्या पुष्कळ उपदेशक बंधूंना मंडळ्यांतून विचारला जातो, आणि तेही आमच्याप्रमाणेच निरुत्तर होतात. यास्तव ह्या विषयाचा थोडा सविस्तर विचार येथे करण्याचे योजिले आहे. वाचकांनी तो तपासून पाहावा.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. रानातील प्राणी शेतात का येतात, हा प्रश्न सोडून त्यांस मारावे की न मारावे एवढाच वाद घालणे म्हणजे घरात पाणी शिरले असता छपराकडे न पाहता केवळ पाणी उपसत बसणे होय. रानडुक्कर पूर्वीही होते. परंतु त्याला खाणारा वाघ बहुतेक ठिकाणांहून गेला, लांडगा व रानकुत्रा विरळ झाले. दुसरीकडे आम्ही नद्या अडविल्या, पाट काढिले, आणि जेथे उन्हाळ्यात धूळ उडत असे तेथे बारमाही ऊस उभा केला. ऊस हा मनुष्यास साखर देतो, तसा डुकरास निवारा, सावली व अन्न देतो. दाट फडात डुकरीण बारा महिने सुखाने राहते, आणि एका वेळी चार ते सहा, कधी त्याहूनही अधिक पिले घालते. म्हणजे त्यांचा शत्रू आम्ही नाहीसा केला, आणि त्यांचे घर आम्हीच बांधून दिले. ज्यास आज आपण उपद्रव म्हणतो, त्यातील मोठा भाग आपल्या हातचा आहे.

आमच्या कोल्हापूर प्रांतास ह्याचा इतिहास ठाऊक आहे. ज्या शाहू महाराजांनी आपल्या जनक पित्याच्या नावाने हे जयसिंगपूर वसविले, त्यांच्या पदरी शिकारी चित्ते होते. चित्त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यास गाडीतून माळावर नेत, काळविटांचा कळप दिसला म्हणजे पट्टी काढून त्यास सोडीत. पुढे हिंदुस्थानात चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा ते आफ्रिकेतून आणविले गेले. देशातील शेवटचे तीन चित्ते १९४७ साली कोरिया संस्थानाच्या राजाने मारिल्याची नोंद आहे, आणि १९५२ साली तो प्राणी येथून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. पुढे सत्तर वर्षांनी, २०२२ साली, मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात आफ्रिकेतून चित्ते आणून सोडावे लागले. काळवीटही एके काळी इतके घटले, की त्यांच्या रक्षणार्थ अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात १९८० साली रेहेकुरीचे अभयारण्य स्थापावे लागले. तेथे ते वाढले, आणि आता आसपासच्या शेतकऱ्यांची ज्वारी-हरभरा खातात म्हणून तक्रार होते. आमच्याच जिल्ह्यात दाजीपूरचे रान १९५८ साली गव्यांसाठी राखले गेले. आज तो गवा पन्हाळा, शाहूवाडी, भुदरगड अशा तालुक्यांतील शेतांत उतरतो. एके काळी अति मारून आपण चुकलो, आणि राखल्यावर त्याचा भार कोणी उचलावा ह्याचा विचार न करून दुसऱ्यांदा चुकलो.

ही गोष्ट आपल्याच देशाची आहे असे नाही. अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पांढऱ्या शेपटीचे हरिण शिकारीमुळे पाच लाखांच्या आतबाहेर उरले होते. कायदे झाले, रक्षण झाले, लांडगे तर आधीच मारले गेले होते, आणि आज त्या हरिणांची संख्या अदमासे तीन कोटी सांगतात. यलोस्टोन नावाच्या तेथील प्रसिद्ध रानात १९२६ पर्यंत लांडगे संपविण्यात आले. मग एल्क, म्हणजे आपल्या सांबराहूनही थोर असे हरिण, इतके वाढले की नदीकाठची कोवळी झाडे वर येईनाशी झाली, आणि राखणदारांनाच वर्षानुवर्षे बंदुकीने ते कळप कमी करावे लागले. अखेर १९९५ साली कॅनडातून लांडगे आणून पुन्हा सोडले. तेथील शेतकरी मका व फळबागा वाचविण्यासाठी सरकारी परवान्याने आपल्या शेतात हरणे मारितो, आणि कित्येक ठिकाणी ते मांस गरिबांच्या अन्नछत्रास देण्यात येते. तेथेही हा वाद संपलेला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्राणी मारणे हेच मुळात पाप आहे काय?

आमच्या शिरोळ तालुक्यात जैन शेतकरी बांधव फार आहेत. त्यांच्या बांधाला आमचा बांध लागलेला आहे. ते सूर्यास्तानंतर जेवीत नाहीत, कारण दिव्यावर येणारा किडाही आपल्या हातून मरू नये अशी त्यांची काळजी. ह्या आचाराची थट्टा करणारे काही लोक आमच्या मंडळ्यांतही आढळतात. ती थट्टा अज्ञानाची आहे. दयेची एवढी जुनी व एवढी कष्टाची शिस्त ज्या शेजाऱ्याने पाळली, त्याच्यापासून आपण शिकावे हेच योग्य. आमच्या गावापासून जवळच नांदणी येथे त्यांचा मठ आहे. तेथील महादेवी नावाची हत्तीण २०२५ च्या जुलैत न्यायालयाच्या आदेशाने गुजरातेत जामनगरजवळील वनतारा ह्या केंद्रात नेण्यात आली. त्या दिवशी सर्व जातींचे व धर्मांचे लोक रस्त्यावर उभे राहून रडले, आणि ऑगस्टात नांदणीहून कोल्हापुरापर्यंत हजारो लोक पायी चालत गेले. न्यायालयाचा निर्णय योग्य की अयोग्य हा आमचा विषय नाही. परंतु एका मुक्या प्राण्यासाठी मनुष्याचे अंतःकरण किती हलू शकते, हे आम्ही त्या दिवसांत प्रत्यक्ष पाहिले.

तथापि त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, चंदगड व आजरा ह्या तालुक्यांत, २००२ सालापासून कर्नाटकातून रानटी हत्ती येत आहेत. तेथे ऊस, भात, केळी, माड ह्यांची काय दशा होते हे तेथील कुणब्यासच विचारावे. तो रात्री घरावरच्या कौलांचा आवाज ऐकत जागा राहतो. त्याच्यासाठी कोणी हजारोंनी चालत गेल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. ज्या हत्तिणीचे नाव आपणांस ठाऊक आहे तिच्यासाठी आपले डोळे भरून येतात, आणि ज्या शेतकऱ्याचे नाव ठाऊक नाही त्याच्या रिकाम्या कणगीची वार्ताही आपणांपर्यंत पोहोचत नाही. हा दोष प्राण्यावरील प्रेमाचा नाही. जे प्रेम करणाऱ्यास काहीच मोजावे लागत नाही, ते अपुरे असते एवढेच आमचे म्हणणे.

शास्त्राकडे पाहू जाता तेथे दोन्ही बाजूंचा विचार आढळतो. मनुष्यास इतर प्राण्यांवर सत्ता दिली आहे. परंतु सत्ता देणारा धनी वेगळा आहे, आणि कारभाऱ्याने धन्याच्या मालाची नासाडी करावी असे कोठेही म्हटलेले नाही. निर्गमाच्या पुस्तकात एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. लोकांस तो देश एका वर्षात मिळणार नव्हता, तर हळूहळू मिळणार होता, आणि त्याचे कारण असे दिले आहे की भूमी ओसाड पडली तर रानपशू वाढून त्यांस त्रास देतील. म्हणजे रानपशूंपासून शेतीस होणारा उपद्रव ही देवासही ठाऊक असलेली, विचारात घेतलेली गोष्ट आहे. भुकेल्या घराने आपले अन्न राखू नये असा धर्म आम्हांस कोठे सापडला नाही. यास्तव त्या भगिनीच्या प्रश्नास आमचे उत्तर असे, की पीक राखण्यासाठी, दुसरा उपाय उरला नसता, योग्य अधिकाराने व योग्य रीतीने रानडुक्कर मारणे हे पाप नव्हे.

परंतु ह्या वाक्यातील प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे, आणि पुष्कळ लोक त्यातील पहिला अर्धा भाग घेऊन उरलेला टाकून देतात.

अधिकाराविषयी प्रथम. वन्य जीव संरक्षण अधिनियम १९७२ साली झाला. त्याने शिकार बंद केली; तथापि उभ्या पिकास धोका करणाऱ्या काही प्राण्यांच्या बाबतीत वन खात्याचा अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, अशी सोय त्यातच ठेविली आहे. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली रानडुक्कर व रोही, ज्यास नीलगाय म्हणतात, ह्या दोन प्राण्यांच्या बाबतीत अशा परवानगीची रीत सुलभ केली. रोही आमच्याकडे नाही. तो विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याचे दुःख आहे. गवा, हत्ती व काळवीट हे मात्र कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. केवळ पिकाच्या नुकसानीसाठी त्यांस मारण्याची परवानगी मिळत नाही. हा भेद आपल्या लोकांस ठाऊक नसतो, आणि अज्ञानाने मुलगा तुरुंगात जातो. बंदूक बाळगण्यास वेगळा परवाना लागतो. मारलेल्या जनावराचे मांस सरकारची मालमत्ता असते; ते घरी नेता येत नाही.

ह्या शेवटच्या नियमावर आमचे काही बंधू रागावतात. एवढे मांस पुरून टाकणे हीही नासाडीच नव्हे काय, असे ते विचारतात. त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु ह्याच नियमात मनाची एक चांगली कसोटी आहे. मांस मिळणार नसेल तरीही जो मनुष्य थंडीत रात्रभर शेतात बसून डुक्कर मारावयास तयार होतो, त्यास खरोखर पीक राखावयाचे आहे. मांस मिळणार नाही असे कळताच ज्याचा उत्साह मावळतो, त्याने पिकाचे नाव उगाच पुढे करू नये. शिकारीची मौज हा एक वेगळा रोग आहे. बिहारात २०१५ च्या डिसेंबरात काही जिल्ह्यांपुरते रोही व रानडुक्कर उपद्रवी प्राणी म्हणून जाहीर झाले, आणि २०१६ च्या जूनमध्ये मोकामा येथे थोड्याच दिवसांत दोनशेंहून अधिक रोही बंदुकीने मारण्यात आले. केंद्रातील दोन मंत्र्यांत त्यावरून जाहीर भांडण झाले. शेतकऱ्यांची तक्रार खरी होती, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. तरी त्या बातम्या वाचताना, मारणाराच्या मनात दुःख होते की आनंद, हा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. जे करावे लागते ते जड मनाने करणे आणि तेच टाळ्यांच्या गजरात करणे, ह्यांत जे अंतर आहे ते मेलेल्या जनावरास कळत नसेल. परंतु पाहणाऱ्या आपल्या मुलांस कळते.

आता रीतीविषयी. मोशेच्या नियमशास्त्रात असे आहे, की कोणी खड्डा खणून उघडा ठेविला आणि त्यात शेजाऱ्याचा बैल पडून मेला, तर खड्डा खणणाऱ्याने भरपाई करावी. मला बैल मारावयाचा नव्हता, ही सबब तेथे चालत नाही. खड्डा उघडा ठेविला हाच त्याचा अपराध. आजचा उघडा खड्डा म्हणजे खांबावरून सोडलेली विजेची तार, आणि डुकरांसाठी पिठात किंवा फळात घालून ठेविलेला गावठी बाँब. तार डुक्कर व मूल ह्यांत भेद करीत नाही. दर पावसाळ्यात अशा तारेला लागून कोठे मजूर, कोठे स्वतः शेताचा धनी, कोठे एकामागून एक धावलेले बापलेक मेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. केरळात २०२० च्या मे महिन्यात डुकरांसाठी ठेविलेले स्फोटक एका गाभण हत्तिणीच्या तोंडात फुटले, आणि ती कित्येक दिवस उपाशी, नदीच्या पाण्यात तोंड बुडवून उभी राहून मेली. तो बाँब ठेवणारासही हत्तीण मारावयाची नव्हती.

सौर कुंपणाची गोष्ट निराळी आहे. त्यातील यंत्र क्षणभराचा झटका देऊन थांबते, पुन्हा देते, पुन्हा थांबते. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. खांबावरील वीज धरून ठेविते, आणि सोडीत नाही. दोन्ही तारा दिसावयास सारख्या, म्हणून हा भेद उपदेशक बंधूंनी प्रत्येक घरी समजावून सांगावा अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

गर्दी करून प्राण्यामागे धावणे हीदेखील हत्याच होय. पुण्यात कोथरूड येथे २०२० च्या डिसेंबरात एक गवा वाट चुकून वस्तीत आला. लोक जमले, धावले, ओरडले. गवा भिंतींवर आपटत पळत राहिला, आणि पकडल्यानंतर थोड्याच वेळात मेला. त्या गर्दीत कोणाचेही पीक गेले नव्हते. बंदूक एकाच्याही हाती नव्हती. तरी तो मेला.

ह्यापुढचा मुद्दा असा, की मारल्याने उपाय होतो काय? जो उपाय लागू पडत नाही त्यासाठी जीव घेणे हे निश्चित अयोग्य. जाणते लोक सांगतात, की मोठ्या सुळ्यांचा नर मारून कळप कमी होत नाही, कारण एक नर अनेक माद्यांस पुरतो. कळप कमी करावयाचा तर माद्या कमी झाल्या पाहिजेत. अमेरिकेत शिकाऱ्यास शिंगांचा नर हवा असतो, आणि शेतकऱ्यास मादी कमी व्हावयास हवी असते. म्हणून तेथे माद्यांचे वेगळे परवाने काढावे लागतात. येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. अनुवादाच्या पुस्तकात घरट्यातील पिले घेतली तरी आईस सोडून द्यावे असे सांगितले आहे. मग मादी मारणे हे त्या आज्ञेच्या उलट नव्हे काय? आम्ही ह्यावर पुष्कळ विचार केला. आमच्या समजुतीने त्या आज्ञेत दोन हेतू आहेत. एक असा, की वंश बुडू नये. दुसरा असा, की आईच्या मायेचा फायदा घेऊन तिला पकडू नये. जेथे वंश बुडण्याचे भय नाही, उलट तो मर्यादेबाहेर वाढला आहे, तेथे पहिला हेतू मादी मारण्याच्या आड येत नाही. दुसरा हेतू मात्र जसाच्या तसा उभा आहे. म्हणून पिले अंगावर पीत असलेल्या डुकरिणीस मारून पिलांस फडात उपाशी मरू देणे, हे आम्ही कोणत्याही परवान्याने योग्य मानणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. डुकराला सातबारा वाचता येत नाही. एका शेतातून हाकलला की तो शेजारच्या शेतात जातो. ज्यापाशी पैसा आहे तो जाळीचे कुंपण घालतो, राखण्या ठेवितो. मग सारा कळप त्या एका शेतावर पडतो जेथे कुंपण नाही, आणि ते शेत बहुधा विधवेचे, कुळाचे किंवा मुंबईस गेलेल्या भावाच्या म्हाताऱ्या आईचे असते. अशा रीतीने आपण आपले पीक राखतो व शेजाऱ्याचे खावू घालतो, आणि आपल्या हातून काही वाईट झाले असे आपल्या मनातही येत नाही. त्याच न्यायाने, शहरात बसून प्राणी मारू नका म्हणणाऱ्या सज्जनानेही स्वतःस विचारावे, की माझ्या दयेचे मोल कोणाच्या भुईमुगातून वसूल होत आहे? वन्य प्राणी हे साऱ्या देशाचे धन असेल, तर त्यांच्या चाऱ्याचा खर्च वीस गुंठ्यांच्या धन्याने एकट्याने सोसावा हा न्याय नव्हे. नुकसानभरपाई ही कृपा नसून देणे आहे. केंद्र सरकारने २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर केले, की २०२६ च्या खरिपापासून वन्य प्राण्यांनी केलेले नुकसान पीक विम्याच्या योजनेत जोडसंरक्षण म्हणून घेतले जाईल, आणि शेतकऱ्याने ते ७२ तासांच्या आत कळवावे. ज्या घरी लिहिणारा-वाचणारा कोणी नाही, त्या घरासाठी हे ७२ तास कोण मोजणार? आमच्या मते हे मंडळीचे काम आहे.

यास्तव ज्या बंधूस आपल्या शेतासाठी जीव घेण्याची वेळ आली आहे असे वाटते, त्याने आधी स्वतःस हे चार प्रश्न शांतपणे विचारावे. नुकसान खरोखर किती झाले आहे, आणि ते दुसऱ्या कोणी डोळ्यांनी पाहिले आहे काय? राखण, कुंपण, शेजाऱ्यांशी मिळून पहारा, हे न मारणारे उपाय मनापासून करून पाहिले काय? जी रीत मी योजिली आहे तिने माणसास, गुरास, किंवा निरपराध प्राण्यास इजा होणार नाही, आणि ज्यास मारावयाचे तो झटकन मरेल, अशी माझी खात्री आहे काय? आणि माझ्या उपायाने माझे संकट माझ्याहून दुबळ्या शेजाऱ्याच्या दारी तर जात नाही ना? चारही प्रश्नांस चांगल्या मनाने उत्तर देता आले, तर त्याने परवानगीसाठी अर्ज करावा, आणि जाणत्या, परवानाधारक मनुष्याकडून ते काम करवून घ्यावे. त्याने रात्री झोप गमावू नये. एकाही प्रश्नाशी जो अडखळेल, त्याने थांबावे.

हे सर्व आम्ही त्या भगिनीस पत्राने कळविले, आणि पुढे महिन्याभराने तिच्या गावी गेलो. तार त्याच दिवशी उतरविली होती. परंतु आईने तेवढ्यावर सोडले नव्हते. तिने मुलास शेजाऱ्याच्या दारी पाठविले, आणि कुत्रा कसा मेला हे त्याच्या तोंडून सांगावयास लाविले. शेजाऱ्यास तोपर्यंत कुत्र्यास साप चावला असेच वाटत होते. सत्य कळल्यावर त्याने आपल्या मुलीकडे पाहिले, आणि मग तो मुलास मारावयास उठला. दोन्ही घरांचे आठ-दहा दिवस बोलणे नव्हते. नवव्या की दहाव्या दिवशी डुकरे शेजाऱ्याच्या रताळ्यांत शिरली, तेव्हा हाच मुलगा डबा वाजवीत प्रथम धावला. आता त्या बाजूच्या पाच शेतांचे धनी पाळीपाळीने एका माळ्यावर राखण करितात. त्यांत एक जैन गृहस्थ आहेत. ते मारण्यास संमती देत नाहीत, परंतु पाळी चुकवीत नाहीत, आणि सौर कुंपणाच्या वर्गणीत सर्वांत मोठा वाटा त्यांचाच आहे. वन खात्याकडे अर्ज गेला आहे, पंचनामा झाला. डुकरे मधून एकदा येऊन कोपऱ्यातला तुकडा खाऊन गेली. उरलेला भुईमूग घरी आला.

निघताना तो मुलगा आमची पिशवी घेऊन थांब्यापर्यंत आला. वाटेत त्याने आपण होऊन सांगितले, की अजूनही पहाटे जाग आली म्हणजे तो उठून त्या बांधाकडे पाहतो, आणि डेअरीच्या वाटेने शेजाऱ्याची मुलगी कासंडी घेऊन जाताना दिसली, की मग पुन्हा निजतो.

अर्जाचा निकाल अद्याप लागावयाचा आहे. परवानगी मिळाली, तर त्या पाचही घरांनी एकत्र बसून वरील चार प्रश्न पुन्हा एकदा विचारावे असे ठरले आहे. आमच्या वाचकांच्या गावी असा प्रसंग आल्यास त्यांनीही एकट्याने निर्णय घेऊ नये. ज्या बांधावर मरण ठेवावयाचे, त्या बांधावरून कोणाकोणाची ये-जा आहे, हे आधी त्या सर्वांसमवेत बसून पाहावे.